केळीच्या गोदामातली लाल स्पिटफायर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मामांची १९६८ सालची ट्रायम्फ स्पिटफायर, मार्क ३, म्हणजे दोन सीटची, पक्कं छत नसलेली ब्रिटिश गाडी. वर्सोव्याला इमारतीखालच्या पार्किंगमध्ये १९ वर्षं उभी होती. दोन वर्षांपूर्वी ट्रकवर चढवून सावद्याला आणली, आता मळ्यातल्या गोदामात आहे. मूळची लाल, मध्ये कुणीतरी मरून करून टाकली. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे आणि नवरा-नवरीला याच गाडीतून न्यायचं घरात ठरलंय. गावातला पेंटर म्हणतो, पंधरा दिवसांत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, मारून चकाचक करून देतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आपल्या खान्देशात हवा कोरडी, तर गंजासाठी वेगळा खर्च करायचा का? जुना रंग पार पत्र्यापर्यंत काढायचा, की वरून घासून मारला तरी चालेल? आणि रंग कुठला?

तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. लाल. मूळ लाल होती ना, मग लालच. मरून ठेवली तर आरसीवर कोणता रंग आहे ते एकदा बघून घ्या, एवढंच.

पहिल्या दोन प्रश्नांत मात्र गफलत आहे. गंज हवेतून येऊन रंगावर बसतो असं तुम्ही धरून चाललाय. मी जळगावला तीसेक वर्षं डेंटिंग-पेंटिंग करतोय. फियाट, अॅम्बेसेडर, हेराल्ड, जीप, सगळं हाताखालून गेलं. बाहेरून खात आलेल्या गंजाने गाडी मेलेली मी फार कमी वेळा पाहिली. गाडी मरते ती आतून, जिथे ब्रश जात नाही, रंग फवारायची गन जात नाही आणि गिऱ्हाइकाची नजर तर मुळीच जात नाही. भुसावळच्या ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते अहिराणीत म्हणायचे, "बाहेर चकाचक, मझार भुसा." मझार म्हणजे आत. तुमच्या गाडीला हे जास्तच लागू आहे, कारण ती स्पिटफायर आहे.

कशी, ते सांगतो. स्पिटफायरची चॅसी ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीच्या चॅसीवरून, आखूड करून बनवलेली. हेराल्ड आपल्याकडे मद्रासला बनायची, त्यामुळे तिची चॅसी आपल्यातल्या जुन्या मेकॅनिकांना पाठ असते. मधला कणा आणि त्याला बाजूंनी हात, त्या हातांना जोडणाऱ्या कडेच्या पट्ट्या. हेराल्डची बॉडी त्या पट्ट्यांवर बसते. स्पिटफायरला मात्र कडेच्या पट्ट्याच नाहीत. त्यांचं काम बॉडीच्या सिल करतात. सिल म्हणजे दाराखालची ती लांब पेटी, पाय आत टाकताना आपण जिच्यावरून जातो. वर छत नाही, त्यामुळे पुढचा भाग आणि मागचा भाग एका रेषेत धरून ठेवायचं बरंचसं काम या दोन पेट्यांवर. आणि प्रत्येक पेटी तीन पत्र्यांची असते: बाहेरचा, आतला, मध्ये जोर देणारा. तीन पत्रे, खाली शिवण, आत अंधार. पाणी आत जायला वाट आहे, बाहेर यायला जवळपास नाहीच.

म्हणजे सिल सडली असेल आणि वरून पीयू मारला, तर गाडी दिसेल छान, पण खड्ड्यात आदळली की दाराची फट वरच्या बाजूला मिटेल. लग्नाच्या दिवशी दार उघडेना झालं तर व्हिडिओवाल्याची चंगळ.

आता तुमचा पहिला प्रश्न. खान्देशची हवा कोरडी आहे, बरोबर. पण बारा महिने नाही. लोखंड गंजायला ओलावा आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या पुढे गेली की गंज नेटाने चालू होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडेही तेच असतं. हिवाळ्यात पहाटे गोदामाच्या पत्र्याच्या छतावर आतून दव साचतं आणि खाली टपकतं, ते वेगळंच. त्यात तुमची गाडी १९ वर्षं समुद्राकाठी उभी होती. ती हवा तुम्ही ट्रकमध्ये गाडीबरोबरच आणलीत. गंजाच्या खड्ड्यांमध्ये मीठ बसलेलं असतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही पाणी ओढून घेतं. त्यामुळे कोरड्या दिवसातही तो खड्डा आतून ओलाच. समुद्र तीनशेहून जास्त किलोमीटर मागे राहिला, पण सिलच्या आत तो आहेच.

दुसरी गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, मी मात्र तिथेच थांबलो. गाडी मळ्याच्या गोदामात आहे आणि शेजारी खताच्या गोण्या आहेत. केळीला पोटॅश भरपूर लागतं, हे रावेर-यावल पट्ट्यातल्या माणसाला मी काय सांगू. पण आपण ज्याला नुसतं पोटॅश म्हणतो ते बहुतेक वेळा म्युरिएट ऑफ पोटॅश असतं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. क्लोराइड म्हणजे मिठाचाच भाऊबंद. गोण्या फोडताना, उचलताना त्याची बारीक धूळ उडते आणि गाडीच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसते. पावसाळ्यात गोणी पाझरते तशीच ती धूळही पाझरते. यावलच्या एका शेतकऱ्याची जीप माझ्याकडे आली होती. गोदामातून खत नेण्यापुरतीच वापरलेली, समुद्र तिने कधी पाहिलाही नसेल. मागची फ्लोअर मी बोटाने खाली पाडली. तेव्हा पहिलं काम हे: गाडी गोदामातून हलवा. आजच. घराच्या पडवीत, गुरांच्या रिकाम्या गोठ्यात, कुठेही. फक्त खताशेजारी नको. आणि तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री घातली असेल तर तीही काढा. सुती चादर घाला. प्लास्टिकखाली पहाटेचं दव अडकून राहतं.

आता गाडी तपासायची. पेंटरला नको, तुम्ही स्वतः तपासा. दीड तास लागेल.

फ्रिजवर चिकटवायचं चपटं लोहचुंबक घ्या, रुमालात गुंडाळा, आणि दाराच्या खालच्या कडेवरून, मागच्या चाकावरच्या कमानीवरून, सिलवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे खाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, आहे. पातळ थर असेल तर हरकत नाही. पण कमानीवर चुंबक सरळ खाली पडत असेल तर तिथे पत्रा राहिलेलाच नाही, नुसत्या लांबीचा घडवलेला आकार आहे. मग बोथट स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि सिलच्या खालच्या शिवणीवर, दाराच्या पुढच्या बिजागरीच्या खांबाच्या पायथ्याशी हलकेच ठोका. घट्ट पत्रा टणटण वाजतो, सडलेला थपथप. आत सीटच्या मागे, जिथे मागच्या चाकांना धरणारा दांडा बॉडीला जोडलेला आहे, ती जागा कार्पेट उचलून बघा. तो दांडा सडलेल्या पत्र्याला धरून असेल तर गाडी रस्त्यावर काढूच नका, मग रंग कितीही चांगला असो. बॅटरीची पेटी इंजिनाच्या मागच्या भिंतीत आहे. जुन्या बॅटरीचं आम्ल गळून तिचा तळ खाल्लेला असतो. डिकीचा तळ, स्पेअर चाकाखाली. बॉनेट पूर्ण पुढे उलटा आणि आतून, हेडलाइटच्या मागे हात घाला. तिथे चिखल साचतो. तुमच्या गाडीत मुंबईचा चिखल असेल आणि त्यावर आता आपली काळी माती. काळ्या मातीचं तुम्हाला ठाऊकच आहे, पाणी धरून ठेवते म्हणून तर कापूस तगतो. चाकाच्या कमानीतही ती तसंच पाणी धरून ठेवते, दिवाळीपर्यंत.

मार्क ३ च्या पुढच्या विंगवर, म्हणजे चाकावरच्या मडगार्डवर, वरच्या बाजूला शिवण आहे आणि तिच्यावर चमकती पट्टी बसवलेली. ती पट्टी काढूनच बघा. तिच्याखाली गंज नसलेली गाडी अजून माझ्याकडे आली नाही.

हे तपासल्यावर दोनपैकी एक परिस्थिती निघेल, आणि इथून पुढे माझं उत्तर तुमच्या गाडीवर अवलंबून आहे.

सिल आणि खांबाचे पायथे शाबूत असतील, वरवरचे खड्डे असतील, तर काम तीन-चार महिन्यांचं आहे. सिल गेल्या असतील तर काम सहा महिन्यांच्या पुढे जाईल, आणि मे महिन्याचा विचार सोडा. खरं सांगायचं तर पहिल्या परिस्थितीतही मे सोडाच. का, ते पुढे येतं.

सिल बदलायची असेल तर एक गोष्ट पेंटरला, डेंटरला, कोणालाही निक्षून सांगा: दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. आधी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी अँगल टाक्याने पक्का करायचा, गाडी सपाट जागी चाकांवर उभी ठेवायची, एक बाजू कापायची, बसवायची, दार लावून फट बघायची, मग दुसरी. एकदा धुळ्याकडच्या एका वर्कशॉपमध्ये अशीच छत नसलेली गाडी दोन्हीकडून कापून जॅकवर ठेवलेली पाहिली होती. ती मधून वाकली. नंतर दारं बसवायला चौकटीच कापाव्या लागल्या. पत्रा बाहेरून २० गेजचा चालतो, सिलच्या आतल्या जोर देणाऱ्या पट्टीला मी १८ चाच घेतो. वेल्डिंग मिगने, म्हणजे आपण सीओटू म्हणतो त्याने. तुकड्या-तुकड्याने टाके टाकत जायचं, एका जागी उष्णता साचू द्यायची नाही. गॅसने ब्रेझिंग, म्हणजे पितळ वितळवून जोड, करणारे अजून भरपूर आहेत. जुने कारागीर त्यात पटाईतही आहेत, पण सिलसाठी मी करत नाही. उष्णता जास्त पसरते, पत्रा वाकतो आणि फ्लक्स नीट धुतला नाही तर तोच गंजाला आमंत्रण देतो. पत्रे एकमेकांवर चढतात त्या जागी आधी वेल्डिंगवर चालणारा झिंक प्रायमर मारून घ्यायचा. एकदा जोडलं की तिथे काही घालता येत नाही.

गंज काढण्याबद्दल. लाल गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा व्यापतो. म्हणूनच शिवणीत शिरलेला गंज पत्रे फाकवतो आणि फाकलेल्या फटीत आणखी पाणी शिरतं. वरचा पापुद्रा ग्राइंडरच्या वायर ब्रशने जातो, खड्ड्यातला जात नाही. वायर ब्रश त्याला चकाकी आणतो आणि आपल्याला वाटतं झालं. बाजारात गंज बदलणारी द्रव्यं मिळतात, फॉस्फोरिक आम्लाची किंवा टॅनिन आम्लाची. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण ती घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावरच काम करतात. पापुद्र्यावर ओतलीत तर वरचा थर काळा होईल, खाली गंज सुखात राहील. आणि फॉस्फोरिकचं उरलेलं आम्ल धुतलं नाही तर वरचा इपॉक्सी प्रायमर धरत नाही. सँडब्लास्टिंग जळगावच्या एमआयडीसीत सहज होतं, टाक्या आणि पाइप घासण्याची सोय तिथे आहे. चॅसी, सस्पेन्शनचे हात, चाकांचे रिम तिथे खुशाल द्या. बॉनेट आणि दारं देऊ नका. जाड खडीने पातळ पत्रा ताणला जातो, आणि एवढ्या मोठ्या बॉनेटवर तो ताण घालवणं म्हणजे जन्माचं काम.

चॅसी पावडर कोटिंग करावी का, हे बरेच जण विचारतात. दिसायला सुरेख होते. पण एकदा खडा लागून टवका उडाला की गंज पावडरच्या खालून सरकतो आणि वरून काही कळत नाही. मी इपॉक्सी आणि वर काळा पीयू मारतो. टवका दिसला की ब्रशने लावता येतो.

आता दुसरा प्रश्न, जुना रंग किती काढायचा. एक सोपी चाचणी करा. डिकीच्या आतल्या बाजूला थिनरमध्ये बुडवलेलं फडकं दोन मिनिटं दाबून ठेवा. रंग मऊ पडून फडक्यावर आला तर तो एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आहे, जुने लोक ज्याला डुको म्हणतात तो. एनसीवर पीयू थेट मारला की पीयूचं थिनर खालच्या थराला उकळवतं, सुरकुत्या पडतात, आणि ते दोन दिवसांनी, तुम्ही पैसे दिल्यानंतर दिसतं. फडकं कोरडंच राहिलं तर रंग पक्का आहे. तरीही तुमच्या गाडीचा रंग मी पूर्ण काढेन. कारण मरून मारणाऱ्याने खाली काय लपवलं ते आपल्याला माहीत नाही. एका कोपऱ्यात घासून पायऱ्या काढा: वर मरून, मग करडा प्रायमर, मग कदाचित अजून एक रंग, मग लाल, मग पत्रा. जितक्या पायऱ्या, तितक्या वेळा कुणीतरी काहीतरी झाकलंय. मूळ लाल सापडली की तिथेच थोडी पॉलिश करा आणि रंगाच्या दुकानात तोच तुकडा दाखवून जुळवून घ्या.

पत्रा उघडा पडला की त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. रेड ऑक्साइड नको. तो दारा-खिडक्यांच्या ग्रिलसाठी ठीक, पण पाणी आरपार जातं. लांबी इपॉक्सीच्या वर भरायची, उघड्या पत्र्यावर नाही, आणि दोन-तीन मिलीमीटरच्या पुढे नाही. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर डेंटरने हातोडी आणि डॉली (मागून धरायचा लोखंडी ठोकळा) यांचं काम अर्धवट सोडलंय. पॉलिएस्टर लांबी स्पंजासारखी असते, ओलं धरते. म्हणून तिला ओल्या पेपरने घासायचं नाही, कोरडंच घासायचं.

हे मी स्वतः चुकून शिकलो. नवीन वर्कशॉप टाकल्यावर एक हेराल्ड केली होती. डिसेंबरात रंगवली, मालक खूश, मीही खूश. गणपतीत गाडी परत आली, बॉनेटवर पुरळ उठल्यासारखे फुगे. मी सगळी गाडी पाणी पेपरने घासली होती, बोअरच्या पाण्याने. आपल्या तापीकाठच्या बोअरचं पाणी किती जड, ते घरातल्या नळाच्या तोटीवरचा पांढरा थर बघितला की कळतं. तेच क्षार लांबीत आणि रंगाखाली राहिले. पावसाळ्यात बाहेरचा ओलावा रंगातून आत ओढला गेला आणि फुगे आले. मालकाने रंगाचा डबा बनावट असेल असं म्हणून मला वाचवलं, पण डबा खरा होता. सगळी गाडी फुकट पुन्हा केली. तेव्हापासून सर्फेसर (रंगाखालचा गुळगुळीत थर) आणि रंगाच्या आधीची शेवटची पुसणी आरओच्या पाण्याने. लग्नाच्या पंगतीला येतात तेच वीस लिटरचे जार, दोन पुरतात.

आता हंगाम. यावर मी जास्त लिहितो, कारण पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांतले असतात आणि इथे तसं चालत नाही.

मेमध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. त्या उन्हात पीयू गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा सुकलेला असतो. मग तो पसरत नाही, संत्र्याच्या सालीसारखा राहतो. वरचा थर झटकन बंद होतो आणि आत अडकलेलं थिनर टाचणीएवढी भोकं पाडून बाहेर येतं. डब्यातला हार्डनर मिसळलेला रंगही लवकर घट्ट होतो. संथ हार्डनर आणि संथ थिनर वापरून पहाटे काम उरकता येतं, पण दुपारी वावटळ आली की पडदे-बिडदे काही धरत नाहीत. पावसाळ्यात उलटं. पीयूचा हार्डनर हवेतल्या पाण्याशीही चाळे करतो, त्यातून वायू निघतो आणि बुडबुडे राहतात. उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंशांनी जास्त असावं असा नियम आहे; पावसाळ्यात तो पाळणं म्हणजे रोजची कुस्ती.

राहतो हिवाळा. दसऱ्यानंतर गाडी उघडा, डिसेंबरपर्यंत पत्र्याचं काम, जानेवारी ते अर्धा फेब्रुवारी रंग. सकाळी अकरा ते चार, कारण पहाटे पत्रा थंड आणि दवाळ असतो. एक अडचण मात्र आपल्याच भागातली. त्याच महिन्यांत जिनिंग चालू असतं. जिनिंगजवळ वर्कशॉप असेल तर हवेत कापसाचे तंतू असतात, आणि लाल रंगावर पांढरा तंतू काय दिसतो ते सांगायला नको. बूथच्या पंख्याला गाळणी दाट लावायची, जमीन ओली ठेवायची, आणि पेंटरला सांगायचं की त्या दिवशी सुती बनियन घालून गनला हात लावू नको. हसू नका. डोक्याला खोबरेल लावून आलेल्या पोराचा हात लागला तरी रंगावर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

आणि उन्हाळा? तो वाया जात नाही, उलट सोन्यासारखा कामाला येतो. दोन जागी.

एक, आत्ता. सिलच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती बहुतेक मातीने बुजलेली असतील. ती तारेने मोकळी करा. साध्या, गोड्या पाण्याने सिलच्या आत, कमानीत, बॉनेटच्या आतून दोन-तीन वेळा सावकाश धुवा. मीठ आणि पोटॅश पाण्यात विरघळतात, म्हणजे त्यांना बाहेर काढायचं औषध पाणीच. बोअरचं जड पाणी इथे चालेल, शेवटचा हात आरओचा. मग गाडी महिनाभर उन्हात ठेवा, सगळी झाकणं, कार्पेट, रबर काढून. मे महिन्याचं आपलं ऊन म्हणजे फुकटची भट्टी. पोकळीतला ओलावा जितका या उन्हात निघतो तितका कुठल्याही हीटरने निघणार नाही.

दोन, रंगानंतरच्या एप्रिलमध्ये. पोकळीत मेण भरायचं ते रंग पूर्ण झाल्यावर, आधी नाही. आधी भरलं तर वेल्डिंगची उष्णता त्याला जाळते, आणि त्याचा अंश बाहेरच्या पत्र्यावर आला तर रंगात खड्डे पडतात. लांब नळी आणि चारी दिशांना फवारणारं तोंड असलेली लान्स लागते. तापलेल्या पत्र्यात मेण पातळ होऊन शिवणीत ओढलं जातं. थंड देशातल्या लोकांना यासाठी गाडी गरम करावी लागते. आपल्याला सूर्य पुरे. मेण घेताना मात्र जास्त तापमानाला टिकणारं घ्या. नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात सगळं भोकांतून फरशीवर येईल. थोडं टपकेलच, ते टपकू द्या, भोकं बुजवू नका. खाली डांबरी किंवा रबरी काळं अंडरकोटिंग मारू नका. सुरुवातीला चांगलं दिसतं, मग उन्हाने कडक होतं, तडकतं, तडीत पाणी शिरतं, आणि पत्रा त्याच्याखाली निवांत सडत राहतो. मेणाचं किंवा लोकरीतल्या स्निग्धाचं, लॅनोलिनचं, पातळ कोटिंग बरं. दर पावसाळ्याआधी पुन्हा मारावं लागतं, पण त्या निमित्ताने गाडीखाली बघणं होतं.

रंगाच्या पद्धतीबद्दल एक मत. सगळे तुम्हाला बेस कोट आणि वर लॅकर, म्हणजे पारदर्शक थर, सांगतील. मी तुमच्या गाडीला एकाच टप्प्यातला सॉलिड लाल पीयू मारेन, दोन-तीन हात. १९६८ ची लाल गाडी काचेत घातल्यासारखी दिसत नव्हती. आणि लॅकरवर ओरखडा आला की सगळं पॅनल. सॉलिड रंग कंपाउंडने घासून सुधारता येतो. फडक्यावर लाल येईल, घाबरू नका, तो रंगच आहे.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला रुमाल बांधून रंग मारणारे आपल्याकडे पावलोपावली आहेत. त्यातल्या काहींना कायमचा दमा लागलेला मी पाहिला. रुमालाने काही अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तुमचा पेंटर तो वापरत नसेल तर त्याला विकत घेऊन द्या, बिलात धरा. आणि घरच्या पोराला गन घेऊन हौस म्हणून उभं करू नका.

कागदांचं थोडक्यात. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, नंबरमध्ये व्हीए येतं. पण चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असायला हवं आणि रोज चालवायला परवानगी नसते, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. तेव्हा सिल बदलताना मूळ आकाराचीच बदला, मध्ये जाड चौकोनी पाइप घालून "मजबूत" करणाऱ्या मेकॅनिकला लांब ठेवा. आणि कुठल्या नोंदणीवर गाडी आहे ते वरात ठरवायच्या आधी बघा.

लग्नाचं काय, तर माझा सल्ला: चाकं, ब्रेक, तो मागचा दांडा आणि सिल यांची तपासणी ठीक निघाली तर आहे त्याच मरून रंगाला कंपाउंड-पॉलिश करा, झेंडूचे हार घाला, आणि गाडी मंडपापासून घरापर्यंत, गावातल्या गावात, पायी चालणाऱ्या वरातीच्या वेगाने न्या. तपासणीत सिल गेलेली निघाली तर ती मंडपाच्या दाराशी फोटोसाठी उभी करा. पंधरा दिवसांत पीयू मारणाऱ्याला पैसे देऊन, पुढच्या वर्षी तोच रंग काढण्यासाठी पुन्हा पैसे देऊ नका. मी उलट माझंच गिऱ्हाईक घालवतोय असं समजा, कारण असे काढायचे रंग माझ्याकडेच येतात.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: गाडी खतापासून हलवा, तपासा, धुवा, मे-जूनपर्यंत उन्हात वाळवा, पावसाळ्यात सुती चादरीखाली कोरड्या जागी ठेवून सिलचे पत्रे आणि रबर मागवून घ्या. पुढचं सस्पेन्शन हेराल्डशी बरंच जुळतं, ते भाग जुन्या बाजारात सापडतात. सिल मात्र हेराल्डच्या चालत नाहीत. दसऱ्याला गाडी उघडा.

तपासणीचे फोटो टाका, मग पुढचं नेमकं सांगता येईल. दोन्ही सिलच्या खालच्या शिवणीचे, दाराच्या फटींचे दार बंद करून, आणि बॅटरीच्या पेटीचा. बॅटरीचा फोटो आधीच टाकलाय तुम्ही, पण त्यात बॅटरीच दिसते. ती उचलून बाहेर ठेवा आणि मग खालचा पत्रा दाखवा.